मद्यपान करून वाहन चालवल्याचा गुन्हा नोंदला गेल्यावर परवाना कसा वाचवावा

पुण्यात शनिवारी रात्री कोरेगाव पार्क, बाणेर, मुंढवा किंवा सिंहगड रस्त्यावरच्या नाकाबंदीत सापडलेला मनुष्य दुसऱ्या दिवशी ओळखीच्या वकिलाला फोन करतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न बहुधा 'दंड किती बसेल' हाच असतो. पहिल्या गुन्ह्याचा दंड १०,००० रुपये आहे आणि तो भरणे ही या साऱ्या प्रकरणातली सर्वांत सोपी गोष्ट आहे. अवघड भाग परवान्याचा आहे, कारण त्याचा निर्णय एकाच ठिकाणी होत नाही. प्रादेशिक परिवहन कार्यालय, म्हणजे आरटीओ, स्वतःच्या अधिकारात परवानाधारकाला तीन महिन्यांसाठी अपात्र ठरवू शकते, आणि न्यायालयाने दोषी ठरवले तर न्यायालय त्याहून वेगळी, किमान सहा महिन्यांची अपात्रता लावते. या दोन कारवाया एकमेकींसाठी थांबत नाहीत. न्यायालयात दंड भरला म्हणून आरटीओची नोटीस रद्द होत नाही, आणि आरटीओत लिहून दिलेला माफीनामा न्यायालयात आपल्याच विरोधात वाचला जाऊ शकतो.

येथे गृहीत धरलेला वाचक पहिल्यांदाच या गुन्ह्यात सापडलेला आहे आणि त्याच्या हातून अपघात झालेला नाही. कोणी जखमी झाले असेल किंवा कोणाचा जीव गेला असेल, तर भारतीय न्याय संहितेची कलमे लागतात आणि परवाना हा त्या प्रकरणातला सर्वांत लहान प्रश्न ठरतो. अशा वेळी हे लेखन बाजूला ठेवून त्याच दिवशी फौजदारी वकील गाठावा.

कायद्यातली मर्यादा आणि शिक्षा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले की गुन्हा घडतो. गाडी नीट चालवली जात होती की नाही, हा प्रश्न या आकड्यापुढे उरत नाही. ही मर्यादा किती खालची आहे याची कल्पना बहुतेकांना नसते. साधारण साडेसात टक्के अल्कोहोल असलेल्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची एक बाटली सत्तर किलो वजनाच्या पुरुषाने थोड्या वेळात संपवली, तर ढोबळ हिशेबाने रक्तातले प्रमाण ८० मिलिग्रॅमच्या आसपास जाते. शरीर ते तासाला साधारण १५ ते २० मिलिग्रॅमच्या गतीने कमी करते आणि काळी कॉफी, लिंबूपाणी किंवा थंड पाण्याची अंघोळ यांनी ही गती वाढत नाही. म्हणून रात्री एक वाजता १५० मिलिग्रॅमवर असलेला मनुष्य सकाळी सात वाजता, व्यवस्थित झोप झाल्यानंतरही, मर्यादेच्या वर असू शकतो. 'रात्री घेतली होती, सकाळी नाही' हा बचाव त्यामुळे फारसा टिकत नाही.

पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. दुसऱ्या आणि त्यापुढील गुन्ह्यांना दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी पहिल्या गुन्ह्याचा दंड २,००० रुपयांपर्यंत होता, आणि दुसरा गुन्हा तीन वर्षांच्या आत घडला तरच तो 'दुसरा' धरला जाई. ही तीन वर्षांची अट आता राहिलेली नाही. कट्ट्यावर बसून सल्ला देणारे अनेक मित्र अजून जुन्या कायद्यावरच बोलत असतात, हे लक्षात ठेवावे.

हा गुन्हा तडजोडीने मिटवता येण्याजोग्या गुन्ह्यांच्या यादीत नाही. सिग्नल तोडल्याचे किंवा हेल्मेट नसल्याचे ई-चलन मोबाइलवरून भरून टाकता येते. हे प्रकरण मात्र न्यायालयातच जाते. लोकअदालतीत पुण्यातली वाहतुकीची हजारो चलने निघतात म्हणून हेही तिथे निघेल, अशी आशा पुष्कळांना असते. ज्या गुन्ह्यात तडजोड होऊ शकत नाही तो गुन्हा लोकअदालतीच्या अधिकारक्षेत्रातच येत नाही, असे विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ मध्ये स्पष्ट म्हटले आहे.

पहिल्या रात्रीचे कागद

परवाना वाचवण्याची लढाई बहुतांशी कागदांवर होते आणि त्यातले महत्त्वाचे कागद पहिल्या दोन-तीन तासांत तयार होतात. म्हणून त्या रात्रीचे वर्तन पुढे उपयोगी पडेल असे ठेवावे.

ब्रेथ अ‍ॅनालायझरमध्ये फुंकण्यास नकार देऊ नये. नकार दिल्यास कलम २०३ खाली अटक होऊ शकते आणि कलम २०५ नुसार, सबळ कारणाशिवाय दिलेला नकार सरकार पक्षाच्या पुराव्याला बळ देणारा मानला जाऊ शकतो. त्यापेक्षा नम्रपणे तीन गोष्टी मागाव्यात. नळी नवी, आपल्यासमोर फोडलेली असावी. नुकतेच मद्याचा घोट घेतला असेल, माउथवॉश वापरले असेल किंवा उलटी झाली असेल, तर तोंडातल्या अल्कोहोलमुळे आकडा फुगतो. हे सांगून सुमारे पंधरा मिनिटांनी चाचणी पुन्हा घ्यावी अशी विनंती करावी. आणि यंत्रातून निघालेल्या छापील पट्टीचा फोटो घेऊ द्यावा. त्या पट्टीवर वेळ, यंत्राचा क्रमांक आणि आकडा असतो. पुढे यंत्राच्या कॅलिब्रेशनच्या, म्हणजे अचूकता तपासून जुळवल्याच्या, नोंदी मागायच्या झाल्या तर हा क्रमांक हाताशी असावा लागतो.

अटक झाल्यास दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून वैद्यकीय तपासणी होणे कलम २०२ नुसार आवश्यक आहे. ती झाली नाही तर कोठडीतून सोडावे लागते. सोडले म्हणजे गुन्हा गेला, असा याचा अर्थ नाही. तरीही अटकेची वेळ आणि तपासणीची वेळ या दोन्ही आपल्या वहीत टिपून ठेवाव्यात. रक्ताचा नमुना घेणारा डॉक्टर पुरुष असेल आणि आरोपी स्त्री असेल, तर तिथे दुसरी स्त्री हजर असलीच पाहिजे. यंत्राचा आकडा आपल्याला खरोखर चुकीचा वाटत असेल तर रक्त तपासणी स्वतःहून मागावी आणि मागितल्याची नोंद करून घ्यावी. भरपूर घेतलेली असताना ती मागण्यात मात्र शहाणपण नाही, कारण प्रयोगशाळेचा अहवाल यंत्राच्या पट्टीपेक्षा खोडून काढायला कितीतरी अवघड असतो.

पंचनाम्यावर किंवा जबाबावर वाचल्याशिवाय सही करू नये. 'दोनच पेग घेतले होते, साहेब' यांसारखी वाक्ये सहजपणे तोंडातून जातात आणि तेवढ्याच सहजपणे कागदावर येतात. नाव, पत्ता, परवान्याचा क्रमांक अवश्य सांगावा. किती, कुठे आणि कोणाबरोबर घेतली याचे उत्तर वकिलाशी बोलल्यानंतर देईन, असे शांतपणे म्हणावे. पैसे देऊन सुटण्याचा विचार तर मनातही आणू नये. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही थेट गुन्हेगार ठरतो, आणि १९ मे २०२४ च्या कल्याणीनगर अपघातानंतर रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांनाच अटक झालेली या शहराने पाहिली आहे.

गुन्हा जामीनपात्र आहे. जातमुचलका किंवा जामीनदार देऊन सुटका होते. गाडी घरी नेण्यासाठी मद्य न घेतलेली, परवाना असलेली व्यक्ती बोलवावी. पोलिसांनी गाडी ताब्यात ठेवलीच, तर ती सोडवण्यासाठी न्यायालयात वेगळा अर्ज करावा लागतो.

परवाना ताब्यात घेतल्यावर मिळणारी पावती

बहुसंख्य लोकांची फसगत इथे होते. एरवी पोलिसांनी कागदपत्रे ठेवून घेतली तर मिळणाऱ्या पावतीवर काही काळ गाडी चालवता येते. कलम १८५ च्या प्रकरणात तसे नाही. २०१९ मध्ये जोडलेल्या कलम २०६ च्या पोटकलम (४) नुसार पोलीस अधिकारी परवाना ताब्यात घेऊन तो अपात्रतेच्या कारवाईसाठी परवाना प्राधिकाऱ्याकडे पाठवतो आणि त्याबदल्यात दिलेली पावती, परवाना परत मिळेपर्यंत, वाहन चालवण्याचा अधिकार देत नाही. आरटीओचा आदेश अजून आलेला नाही, न्यायालयाची तारीखही लागलेली नाही, तरी या मधल्या काळात गाडी चालवू नये. त्या पावतीचा फोटो काढून ठेवावा आणि तिच्यावर कोणते कलम लिहिले आहे ते वाचावे. लिहिलेले कलम २०६(४) असेल तर वर सांगितल्याप्रमाणे तिच्यावर गाडी चालवता येत नाही, आणि केवळ २०६ असेल तर वकिलाला दाखवून अर्थ समजून घ्यावा.

परवाना डिजिलॉकरमध्ये दिसतो म्हणून तो वैध आहे, हा दुसरा गैरसमज आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांनुसार कागदपत्रे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने तपासली आणि जप्त केली जाऊ शकतात, आणि अपात्र ठरवलेल्या किंवा रद्द केलेल्या परवान्यांची नोंद सरकारी पोर्टलवर होते. कार्ड खिशात असो वा नसो, पुढच्या नाकाबंदीत पोलिसाच्या हातातल्या यंत्रावर ही नोंद दिसते.

'कार्ड हरवले' असे सांगून दुय्यम प्रत काढण्याचा सल्ला एखादा एजंट देईल. तो ऐकू नये. अपात्र असताना परवान्यासाठी अर्ज करणे किंवा तो मिळवणे हा कलम १८२ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि अशा रीतीने मिळवलेल्या परवान्याला कायद्याने काही किंमत नाही. अपात्रतेचा आदेश यायचा असला तरी जप्त झालेले कार्ड हरवले म्हणून लिहून देणे हे खोटे निवेदनच आहे, आणि सुनावणीत आपल्या सचोटीविषयी अधिकाऱ्याच्या मनात जे काही उरले असेल तेही त्याने संपते.

आरटीओची नोटीस आणि सुनावणी

परवाना निलंबित करण्याचा किंवा त्याच्या धारकाला अपात्र ठरवण्याचा अधिकार वाहतूक पोलिसांना नाही. तो परवाना प्राधिकाऱ्याला, म्हणजे आरटीओला आहे. कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हा मुद्दा स्पष्ट करून पोलीस अधिकाऱ्याने काढलेला निलंबनाचा आदेश रद्द केला होता. पोलीस परवाना पाठवतात, निर्णय आरटीओ घेते, आणि तो घेण्यापूर्वी परवानाधारकाला बाजू मांडण्याची संधी देणे कलम १९ नुसार बंधनकारक आहे.

ही संधी नोटिशीच्या रूपाने येते आणि नोटीस परवान्यावरच्या पत्त्यावर जाते. पुण्यात नोकरी-शिक्षणासाठी आलेल्या माणसाचा परवाना बहुधा लातूर, जळगाव किंवा सांगलीच्या पत्त्यावर असतो. मूळच्या पुणेकराचाही तो दोन भाड्याच्या घरांपूर्वीचा असू शकतो. नोटीस गावी पडून राहते, सुनावणीची तारीख निघून जाते आणि आदेश एकतर्फी होतो. म्हणून नोटिशीची वाट पाहू नये. आठवड्याभरात वाहतूक शाखेतून आपला परवाना नेमक्या कोणत्या कार्यालयाकडे पाठवला हे विचारून घ्यावे. पुण्याचे कार्यालय संगम पुलाजवळ आहे आणि त्याचा क्रमांक एमएच-१२ आहे. पिंपरी-चिंचवडचे, एमएच-१४ चे, कार्यालय वेगळे आहे. फाईल जिथे असेल त्या कार्यालयात सध्याचा पत्ता आणि मोबाइल क्रमांक कळवणारे साधे पत्र द्यावे, त्यात 'कलम १९ खालील कारवाईपूर्वी मला प्रत्यक्ष सुनावणी मिळावी' असे लिहावे, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी. या एका पोचेमुळे पुढे 'नोटीस बजावली होती' या म्हणण्याला उत्तर देता येते.

सुनावणीत अधिकाऱ्यापुढे पर्याय मोजकेच असतात. कलम १९ च्या पोटकलम (१क) नुसार त्याने परवानाधारकाला मोकळे सोडावे, किंवा सविस्तर कारणे लिहून पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिने अपात्र ठरवावे. दुसऱ्या गुन्ह्यासाठी परवाना रद्द करण्याची तरतूद आहे आणि रद्द झालेल्याचे नाव जाहीरही केले जाऊ शकते. 'एकच महिना करा, साहेब' अशा घासाघिशीला कलमात जागा नाही. त्यामुळे युक्तिवाद एकाच दिशेने न्यावा: उपलब्ध पुराव्यावरून गुन्हा घडल्याचे समाधान होत नाही, म्हणून मोकळे सोडावे. पट्टीवरचा आकडा आणि वैद्यकीय अहवाल यांत तफावत असेल, चाचणीच्या वेळी आपण गाडी चालवत नव्हतो किंवा चालवण्याच्या प्रयत्नातही नव्हतो असे दाखवता येत असेल, रक्ताचा अहवाल अजून आलेला नसेल, पट्टीवर दुसऱ्याच वाहनाचा क्रमांक असेल, तर तो मुद्दा कागदांसह मांडावा. रक्ताचा नमुना न्यायसहायक प्रयोगशाळेकडे गेलेला असेल, तर त्याचा अहवाल येईपर्यंत सुनावणी पुढे ढकलावी, अशी लेखी विनंती करता येते. ही विनंती करण्यापूर्वी तोवरचे सारे दिवस परवान्याशिवायच जाणार आहेत, याचा हिशेब मात्र करावा.

आता सर्वांत मोठी सावधगिरी. सुनावणीला जाणारे बहुतेक लोक आरटीओच्या दारात बसणाऱ्या टायपिस्टकडून एक अर्ज लिहून घेतात: 'माझ्याकडून चूक झाली, मित्राच्या वाढदिवसाला थोडी घेतली होती, पुन्हा असे करणार नाही, माफी असावी.' अधिकाऱ्यावर या अर्जाचा परिणाम फारसा होत नाही, कारण माफीने कलमातले पर्याय बदलत नाहीत. मात्र हा अर्ज आरटीओच्या फाईलमध्ये राहतो आणि सरकारी वकिलाने तो मागवला तर न्यायालयात तो आपल्या सहीचा कबुलीसारखा पुरावा ठरतो. न्यायालयातले प्रकरण सुरू असेपर्यंत आरटीओत काहीही लिहून देण्यापूर्वी तो मसुदा फौजदारी बाजू पाहणाऱ्या वकिलाने वाचलेला असावा. उत्तरात पूर्वीचा स्वच्छ इतिहास, नोकरीचे स्वरूप, घरातल्या आजारी माणसाची जबाबदारी यांचा उल्लेख जरूर करावा. त्या रात्री काय घडले याबद्दल 'प्रकरण न्यायप्रविष्ट असल्यामुळे त्यावर माझे म्हणणे राखून ठेवतो' एवढेच पुरे.

आदेश विरुद्ध गेलाच, तर तीन महिने कोणत्या तारखेपासून मोजले आहेत ते पाहावे. परवाना जप्त होऊन दीड महिना झाल्यावर आदेश निघाला आणि त्या तारखेपासून तीन महिने धरले, तर प्रत्यक्षात साडेचार महिने जातात. काळ जप्तीच्या तारखेपासून धरावा, ही मागणी लेखी उत्तरातच शेवटची पर्यायी विनंती म्हणून घालून ठेवावी. आदेशाची प्रत मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत अपील करता येते. त्यासाठी आदेशाची प्रत ज्या दिवशी हातात पडली तो दिवस पाकिटासह जपून ठेवावा. आदेशात कारणेच दिलेली नसतील, किंवा सुनावणीची संधी न देताच तो काढला असेल, तर अपिलातला हा सर्वांत भक्कम मुद्दा असतो.

न्यायालयात कबुली देण्यापूर्वी

समन्स आले की त्यावर लिहिलेल्या न्यायालयात, लिहिलेल्या तारखेला हजर राहावे. शहराच्या कोणत्या भागात प्रकरण घडले त्यावर न्यायालय ठरते, म्हणून मित्राचे प्रकरण जिथे चालले तिथेच आपलेही असेल असे धरू नये. हजर न राहिल्यास वॉरंट निघते, आणि मग १०,००० रुपयांच्या प्रकरणासाठी पोलीस घरी येतात.

समन्स घेऊन गेलेल्या माणसाला आवारात पहिला सल्ला मिळतो तो 'कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा' असा. हा सल्ला देणारे लोक वाईट नसतात. सकाळी अकराला आलेला पक्षकार दुपारी एकला घरी जातो, एवढाच हिशेब त्यांनी केलेला असतो. या सल्ल्याची पूर्ण किंमत मात्र कलम २० मध्ये लिहिलेली आहे. कलम १८५ खाली दोषी ठरलेल्या व्यक्तीला न्यायालयाने किमान सहा महिन्यांसाठी अपात्र ठरवावे, असे तिथे म्हटले आहे, आणि हे ऐच्छिक नाही. कबुली म्हणजे दोषसिद्धी, आणि दोषसिद्धी म्हणजे ही अपात्रता. शिवाय गुन्हा कबूल केल्यानंतर अपिलाचा मार्ग जवळजवळ बंद होतो; शिक्षा जास्त आहे किंवा बेकायदेशीर आहे एवढाच वाद उरतो. आणि आज दंड भरून संपवलेले प्रकरण उद्या दुसऱ्यांदा सापडल्यास 'पूर्वीची दोषसिद्धी' म्हणून उभे राहते. तेव्हा कलम २२ नुसार न्यायालयाला परवाना रद्दच करावा लागतो.

याचा अर्थ प्रत्येकाने नाकबूलच करावे, असा नाही. आकडा १८० आहे, पट्टी स्पष्ट आहे, रक्ताचा अहवालही तेच सांगतो आणि तपासणी वेळेत झाली आहे, अशा प्रकरणात वर्षानुवर्षे तारखा घेण्यात पैसा आणि मनःस्वास्थ्य दोन्ही जाते; माझ्या मते तिथे वकिलामार्फत कबुली देऊन किमान शिक्षा आणि किमान काळाची अपात्रता मागणे हेच शहाणपणाचे. उलट आकडा ३८ आहे, चाचणी एकदाच घेतली आहे आणि रक्त तपासले गेलेले नाही, तर लढण्यासारखे बरेच असते. यंत्र केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रकारचे होते का, त्याचे कॅलिब्रेशन शेवटचे कधी झाले, पट्टीवरची वेळ आणि पंचनाम्यातली वेळ जुळते का, हे प्रश्न उलटतपासणीत विचारता येतात. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये बच्चूभाई हसनअली कारयानी यांच्या प्रकरणात, केवळ तोंडाला येणारा दारूचा वास, अडखळती चाल आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून मद्यपान सिद्ध होत नाही, रक्ताची तपासणी व्हायला हवी होती, असे म्हटले होते. त्या प्रकरणात यंत्राची पट्टी नव्हती, म्हणून तो निकाल आजच्या पट्टीला उत्तर होत नाही. पण जिथे पट्टीच नाही आणि केवळ डॉक्टरचे निरीक्षण आहे, तिथे तो आजही कामाला येतो.

अपात्रतेचा आदेश झाल्यास अपील दाखल केल्याने तो आपोआप थांबत नाही. अपिलाच्या न्यायालयाने तसे सांगावे लागते. त्यामुळे अपिलाबरोबरच स्थगितीचा अर्ज द्यावा. दोषसिद्धीविरुद्ध अपील होत नसले, तरीही केवळ अपात्रतेचा आदेश बदलण्याचा किंवा रद्द करण्याचा अधिकार वरच्या न्यायालयाला आहे, ही तरतूद फार थोड्यांना माहीत असते. सहा महिन्यांपेक्षा जास्त काळाची अपात्रता झाली असेल, तर आदेशाला सहा महिने झाल्यावर ती उठवण्यासाठी त्याच न्यायालयाकडे किंवा प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तो फेटाळला गेला तर पुढचा अर्ज तीन महिने करता येत नाही, म्हणून पहिलाच अर्ज नीट तयारीने करावा.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेली व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेली कोणतीही व्यक्ती यांना मोफत वकील मिळू शकतो. रिक्षा किंवा टेम्पो चालवणाऱ्याने तर हा मार्ग आधी पाहावा, कारण त्याच्या बाबतीत सहा महिन्यांची अपात्रता म्हणजे सहा महिन्यांची मजुरी.

विम्याबद्दल थोडेसे

केवळ नाकाबंदीत सापडल्याने विमा रद्द होत नाही. पण मद्याच्या अमलाखाली असताना गाडीचे नुकसान झाले तर स्वतःच्या नुकसानीचा दावा पॉलिसीच्या अटींनुसार नाकारला जातो, आणि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मधील इफको टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस या निकालात, फौजदारी खटल्यात दोष सिद्ध झाला नाही तरी परिस्थितीवरून विमा कंपनीला हा मुद्दा सिद्ध करता येतो, असे मानले आहे. अपात्र असताना गाडी चालवून अपघात झाला तर त्रयस्थ व्यक्तीची भरपाईही शेवटी आपल्याच अंगावर येण्याचा धोका असतो.

परवान्याशिवायचे महिने

अपात्रता बहुधा एका वाहनापुरती नसते. आदेश सर्व प्रकारच्या वाहनांसाठी असेल तर कार चालवताना सापडलेल्या माणसाला त्या काळात दुचाकीही चालवता येत नाही आणि ऑफिसजवळच्या चहापर्यंत मित्राची स्कूटर नेणेही गुन्हाच असते. घरातली गाडी पत्नीच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल तर अपात्र माणसाच्या हातात किल्ली देणारा मालकही कायद्याच्या कचाट्यात येतो. म्हणून ही गोष्ट घरात सांगावी, लपवू नये. वनाझ ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट या मेट्रो मार्गांच्या जवळ राहणाऱ्यांचे दिवस त्यातल्या त्यात सोपे जातात. बाकीच्यांनी पीएमपीच्या बसचा मासिक पास काढावा. नोकरीचा भाग म्हणून वाहन चालवणाऱ्याने मालकाला किंवा कंपनीला लेखी कळवावे. पोर्टलवर नोंद दिसत असताना ती लपवून गाडी चालवत राहिले तर परवान्याबरोबर नोकरीही जाते.

परवाना परत मिळवताना

तीन महिने संपले म्हणून परवाना आपोआप परत येत नाही. कलम १९ मध्ये २०१९ साली घातलेल्या तरतुदीनुसार चालकाने उजळणी प्रशिक्षण पूर्ण केल्यावरच तो परत दिला जातो. हे प्रशिक्षण शेवटच्या आठवड्यासाठी ठेवू नये. आपली फाईल ज्या आरटीओत आहे तिथे कोणत्या संस्थेचे प्रमाणपत्र चालते ते आधी विचारावे. पुणे परिसरात भोसरीला सीआयआरटी या केंद्रीय रस्ते वाहतूक संस्थेच्या आवारात चालक प्रशिक्षण आणि संशोधन संस्था, आयडीटीआर, आहे. प्रमाणपत्राची मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स, आरटीओच्या आदेशाची प्रत, जप्तीची मूळ पावती आणि ओळखपत्र एवढे घेऊन अर्ज करावा आणि पोच घ्यावी.

न्यायालयाचा निकाल अजून व्हायचा असेल, तर आरटीओचे तीन महिने संपल्यावर परवाना परत मिळतो आणि काही काळाने न्यायालयाची अपात्रता नव्याने सुरू होऊ शकते. निकाल सुनावला जाईल त्या दिवशी न्यायालयात स्वतः गाडी चालवत जाऊ नये, कारण आदेश त्याच क्षणापासून लागू होऊ शकतो आणि परतीच्या वाटेवर स्टिअरिंगला हात लावणे हा नवा गुन्हा ठरतो. परवाना हातात आल्यावरही पहिल्यांदा गाडी बाहेर काढण्याआधी परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर परवान्याचा क्रमांक आणि जन्मतारीख टाकून स्थिती पाहावी. तिथे अजून 'निलंबित' दिसत असेल तर त्या पानाची छापील प्रत आणि परवाना परत दिल्याचा आदेश जोडून आरटीओत दुरुस्तीचा अर्ज द्यावा आणि नोंद बदलेपर्यंत गाडी दुसऱ्याला चालवू द्यावी.